सॉसची शेपटी

४ मार्च

ती. मोठ्या जाऊबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा हात मोडल्यापासून आपल्या सॉसच्या कारखान्यात तुमच्या स्टुलावर बसायची कुणाची छाती होत नाही. काल मीच पळी घेतली. निम्मा सॉस बाटलीत गेला, निम्मा माझ्या ॲप्रनवर. शेवटी बाटल्या भरायचे यंत्र घ्यायचे ठरले आहे. पुढच्या शनिवारी तीन विक्रेते आपापली यंत्रे घेऊन येतील. रागावू नका, सल्ला द्या.

तुमच्या धाकाची सवय झालेली,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. वीस वर्षे माझ्या मनगटाने केले ते लोखंडाला जमणार असेल, तर मी परत येऊन करू काय? इथे लेकीकडे टीव्ही आहे, आरामखुर्ची आहे. (आजीने टीव्ही एकदाही लावलेला नाही. – लेखनिक)

तरी ऐक. विक्रेते पाणी भरून दाखवतील. पाणी काय, फुटक्या मगातूनही पडते. गरम सॉसलाही भुलू नकोस. आदल्या दिवशीचा, गार, टोमॅटोच्या फोडींचा काढ. फोडी अख्ख्या उतरल्या पाहिजेत. आणि शेपटी बघ. पळी उचलताना सॉसची तार लोंबते, ती मी मनगटाच्या झटक्याने तोडते. बाटलीच्या तोंडावर पडली, की झाकण चिकटलेच. एकही यंत्र पास होणार नाही, लिहून ठेव. (एवढे सांगून आजी हसली, मग डाव्या हाताने हवेत झटका मारून बघितला.)

आठवण येत असेल तर कळव,
थोरली

१७ मार्च

ती. जाऊबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलेली परीक्षा यंत्रांची घेतली. पहिल्या यंत्रात सॉस उंच टाकीतून आपोआप खाली यायचा. तो ढिम्म हलेना. विक्रेता टाकीची पाठ थोपटत राहिला, जणू बाळाची ढेकर काढतोय. दुसऱ्याच्या पंपाने भरले झकास, पण फोडींचा पार लगदा. तिसऱ्याच्या पोटात दट्ट्या आहे. इंजेक्शनसारखा सॉस आत ओढतो, मग पुढे ढकलतो. फोडी अख्ख्या!

राहिली शेपटी. पायाखालचे पेडल सोडले की तोंडाची झडप मिटते, पण सोडायची वेळ नेमकी साधावी लागते. मी सोडले, तार. ह्यांनी सोडले, तार. विक्रेत्याने सोडले, तार त्याच्या टायवर. टाय पुसत तो म्हणाला, की ज्यांनी ही परीक्षा काढली त्यांनाच इथे बसवा.

हात मोडला, पाय तर धड आहे ना? तिसरे घेतले. स्टूल जागचे हलवलेले नाही, यंत्रच त्याच्यापुढे बसवले आहे.

लोभ सॉसइतका दाट असू द्यावा,
धाकटी

२३ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर गोड मानून घे. नातीला मध्ये घ्यायचे नव्हते. पेडल उजव्या पायाखाली हवे. इथे शिलाई मशीनवर सराव चालू आहे. लेक म्हणते, निदान कापड तरी लाव. रविवारी येते.

तुझी,
थोरली

ता. क. छोट्या आजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आले म्हणून सांगते. आजीची बॅग तुझे पत्र येण्याआधीच भरलेली होती. – लेखनिक