यादीतलं चौथं नाव

प्रिय चिकटपट्टी,

रागाच्या भरात पत्र लिहू नये म्हणतात, पण आज नाही लिहिलं तर माझं डोकं फुटेल. शनिवारी माझ्या निरोपाला तू येणार असं परवा फोनवर म्हणालीस, तेव्हापासून मी खुशीत होते. ती खुशी आज सकाळी साडेदहाला संपली. आमचा नवा मॅनेजर, ज्याला सगळे इस्त्री म्हणतात (त्याच्या शर्टावर सुरकुती पडलेली कुणी पाहिलेली नाही, कपाळावरही नाही), माझ्या टेबलावर एक यादी ठेवून गेला. यंदा निवृत्त होणारे पाच जण, आणि प्रत्येकाला साहेबांच्या हस्ताक्षरात आभाराचं कार्ड. जाता जाता म्हणाला, “ताई, नेहमीसारखंच. जरा मनापासून वाटेल असं लिहा.” यादीत चौथं नाव माझं होतं.

तुला यातलं काही कळणार नाही, कारण हे मी तुला कधी सांगितलेलंच नाही. तुलाच काय, घरीसुद्धा नाही. आपल्या कारखान्याच्या बिजागऱ्यांपेक्षा साहेबांच्या चिठ्ठ्या जास्त गाजल्या, हे तूही ऐकलं असशील. एवढा मोठा मालक, पण गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहितो! त्या दोन ओळी मी लिहिते गं. तेवीस वर्षं झाली. साहेबांचा उजवा हात मोडला होता, तेव्हा महिनाभरापुरतं म्हणून हे काम माझ्याकडे आलं. प्लास्टर निघालं, साहेबांचा हात सुटला, माझा मात्र अडकला तो अडकलाच. त्यांची ती पुढे झुकलेली वेलांटी, शेवटच्या अक्षरावर शिरोरेघ न देण्याची खोड, सगळं मी गिरवून गिरवून शिकले. आणि साहेब आणि मॅनेजर सोडून कुणाला कळू द्यायचं नाही, हे तर ठरलेलंच होतं.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. चिठ्ठी लिहिणं म्हणजे ‘आपला आभारी आहे’ एवढं खरडणं नव्हे. त्या माणसानेच केलेली एक तरी गोष्ट तिच्यात यायला हवी, जी दुसऱ्या कुणाला लिहून चालणार नाही. आणि पुढच्या ऑर्डरबद्दल अवाक्षर नको, नाहीतर आभार राहतात बाजूला आणि ती मागणी होते. मी मालखात्यात जाऊन विचारायची, ड्रायव्हरला विचारायची, की कोण कसं वागलं, कुणी काय केलं. तो दारं बनवणारा म्हातारा आठवतो, गेटवरच्या सगळ्यांना दम द्यायचा तो? एकदा आपला ट्रक त्याच्या दारात बंद पडला, तर त्याने स्वतः उन्हात उभं राहून माल उतरवून घेतला आणि आपल्या ड्रायव्हरला जेवू घातलं. मी त्याला तेवढंच लिहिलं. दोन वर्षांनी आपल्या एका लॉटला गंज चढला, निम्मे व्यापारी सोडून गेले, पण तो आला. साहेबांसमोर बसून म्हणाला, “बिजागरी काय, कुठेही मिळते. माझ्या हातची भाकरी लक्षात ठेवणारा मालक मिळत नाही.” साहेब म्हणाले, “एवढं तर करायलाच हवं, नाही का?” मी शेजारीच वही घेऊन बसले होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तरी तेव्हा मला राग नाही आला. आज आला. यादी घेऊन मी तडक केबिनमध्ये गेले. म्हटलं चूक झाली असेल, इस्त्रीने न बघता नाव घातलं असेल. साहेबांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि अगदी प्रेमाने हसले. म्हणाले, “अहो बाई, तुमच्याइतकं छान मला कुठे जमतंय? तुम्हीच लिहा. आणि संकोच करू नका हं, भरपूर कौतुक करा!” काय म्हणू मी याला? तो माणूस दुष्ट असता तर भांडता आलं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की आपण मोठ्या मनाने सवलत देतोय. तेवीस वर्षांत दोन ओळी, त्याही वेड्यावाकड्या, शाई फुटलेल्या चालल्या असत्या मला. मी इथे काय काय केलं, एवढं आठवायला त्यांना पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटंही मीच द्यायची होती.

बाकीची चार कार्डं लिहिली. त्या चौघांचा काय दोष? दुपारी माझं पुढ्यात घेतलं, पेन उघडलं, आणि बंद केलं. कोरंच पाकिटात घालून चिकटवून टाकलं. शनिवारी साहेब ते माझ्या हातात देतील, टाळ्या पडतील, फोटो निघेल. मला उघडून बघायची गरज नाही आणि त्यांनाही नाही. म्हणशील, मग मला कशाला सांगतेस? चिकटपट्टी, आता जे लिहायचंय त्यासाठीच इतकी वळणं घेतली.

परवा फोनवर तू म्हणालीस, की घरातली ती चौकट शनिवारी घेऊन येणार. तू पॅकिंगमधली नोकरी सोडलीस तेव्हा साहेबांकडून आलेली चिठ्ठी. भावोजींनी आजारपणात ती कितीदा वाचून घेतली, ते गेल्यावर तू ती काचेत बसवलीस, आणि आता चारचौघांत साहेबांचे आभार मानणार आहेस. नको गं मानूस. ‘अठरा वर्षांत तुम्ही बांधलेल्या एकाही खोक्यात स्क्रूची पुडी कमी निघाली नाही,’ हे साहेबांना कुठून माहीत असणार? ते त्या महिन्यात गावातच नव्हते. तेव्हाच्या यादीत तुझं नावही नव्हतं. रोज डबा खाताना तुझ्या बोटांवरच्या चिरा मी बघत होते, आणि तू अशीच निघून जाशील हे मला सहन झालं नाही, म्हणून मी लिहिलं आणि खाली त्यांची सही केली. तेव्हा माझ्या नावाने लिहायचं धाडस झालं नाही. वाटलं, माझ्या कौतुकाला कोण विचारतंय. चौकट उतरवावीशी वाटली तर उतरव, माझ्यावर चिड, दोन दिवस फोन घेऊ नकोस. पण शनिवारी ये. ते कोरं पाकीट घेऊन मी तिथे उभी असेन, तेव्हा आत काय आहे हे माहीत असलेलं कुणीतरी समोर बसलेलं हवंय मला.

तुझीच, आणि या खेपेला सहीसुद्धा माझीच,
ऑफिसातली, वरच्या मजल्यावरची