बाबांची बासची जागा

पाइनी फोर्क, टेनेसी
ता. १४ एप्रिल २०१९

चि. नेल्डा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मी ऐकतो कमी आणि बोलतो जास्त ही तुझी तक्रार, म्हणून लिहायला बसलो. अक्षर मोठं आणि ओळी तिरक्या दिसतील. त्याचं कारण असं की, माझ्या नजरेचा मधलाच भाग विझत चाललाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. ताटातला मक्याचा पाव पाहायचा तर कोंबडीसारखी मान वाकडी करावी लागते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिवाळ्यापर्यंत जेमतेम निभेल, पण होडीची मोटर आजपासून बंद. वल्ह्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मग ठरवलं, डोळे आहेत तोवर ज्या ज्या पाण्याने आपल्याला बास मासे दिले, तिथे एकेकदा जाऊन यायचं. सल्फर ओढ्याच्या तोंडाशी जाऊन आलो. नऊ वर्षांचा असताना तिथेच एका बासच्या नादात दगडावर आपटून पुढचा दात घालवला होता. दात गेला तो गेला, मासाही गेला. रेल्वे पुलाच्या खांबांशीही गेलो. ऊन वर आलं की तिथला बास अजून तसाच सावलीला चिकटतो.

राहिली एकच जागा, बाबांची. शनिवारी न्याहारीच्या आत पाच-पाच पौंडांचे दोन बास घेऊन यायचे, आणि कुठून आणलेत विचारलं तर म्हणायचे, पाण्यातून. उभा जन्म या तलावावर गेला, पण ती जागा काही मला सापडली नाही. ती सापडल्याशिवाय वल्ही खुंटीला टांगायची नाहीत, एवढंच आता मनात आहे.

तुला त्यांनी एकदा नेलं होतं, सात वर्षांची असताना. काठावरच्या दोन खुणा एकीमागे एक आल्या की झाली एक रेघ, आणि दुसऱ्या बाजूला आणखी दोन आल्या की दुसरी. रेघा छेदतात तिथे गळ, हे तुला सांगायला नको. तर तू काय काय पाहिलंस, ते आठवून कळव.

आमच्या मेहुण्याला, आयनारला नमस्कार. माया आहेच, ती दोन ओळींनी कळत राहू दे.

तुझा,
हार्लन

•

डुलुथ, मिनेसोटा
ता. २९ एप्रिल २०१९

ती. हार्लनदादास,
नेल्डाचा सा. न. वि. वि.

डोळ्यांचं वाचलं. दोन दिवस पेन हातात धरवेना. मग म्हटलं, मान तर तुझी पहिल्यापासूनच वाकडी, आता नुसतं निमित्त मिळालं.

इथले लोक बास चुकून लागला तर तोंड कडू करतात आणि परत फेकतात. परवा आयनारनेही तसंच केलं. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

बाबांच्या होडीतलं आठवतं तेवढं सांगते. चर्चचा कळस तंबाखूच्या कोठाराच्या छपरावर अगदी मधोमध बसला होता, टोपीवरच्या पिसासारखा. दुसऱ्या काठाला दगडी पायऱ्या पाण्यातून वर आल्या होत्या. कुठे जायच्या कोण जाणे, वर घर नव्हतंच. त्यांच्या बरोबर मागे एकटा देवदार. माझ्या हातमोज्यांना चंदेरी चमकी चिकटली होती, ती मी घरी येईपर्यंत वेचत होते. बाकी सगळं धुकं.

तब्येतीला जप, आणि एकटा वल्हवत जाऊ नकोस, असं लिहून उपयोग नाही हे ठाऊक असूनही लिहिते. लहान बहिणीवरचा राग-लोभ दोन्ही असाच असू दे.

तुझी,
नेल्डा

•

पाइनी फोर्क
ता. २६ मे २०१९

चि. नेल्डास अनेक आशीर्वाद.

तीन सकाळी जाऊन आलो. कोठार केव्हाच पडलं, पण त्याचा दगडी पाया शाबूत आहे. त्यावर नजरेने कळस बसवला आणि तुझी पहिली रेघ मिळाली. पण एक रेघ म्हणजे अर्धा मैल पाणी. पायऱ्या काही कुठे दिसेनात. एकटे देवदार बारा मोजले. शेजारचा डॉर्सी केगल धक्क्यावर बसून विचारत होता, म्हातारबा, मासे धरताय की जमीन मोजताय? तळहाताएवढा एक बास मिळाला होता, तो दाखवायचीही लाज वाटली. नेल्डा, पायऱ्या स्वप्नात तर पाहिल्या नाहीस ना?

इथवर लिहून उठलो, ताकात मक्याचा पाव कुस्करला, आणि दुसरा घास तोंडात असताना तुझे हातमोजे आठवले. अगं, मेमध्ये आपल्याकडे हातमोजे कोण घालतं? बाबांनी तुला भर हिवाळ्यात नेलं होतं. वसंतातल्या पुराला जागा हवी म्हणून धरणवाले हिवाळ्यात पाणी दहा फूट उतरवतात, आणि तलावाखाली गेलेल्या गावाची हाडं तेवढ्यापुरती वर येतात. त्या पायऱ्या आज माझ्या होडीखाली असणार. साठ वर्षं हे पाणी चढता-उतरताना पाहणारा मी, हिवाळ्यातल्या पायऱ्या मेमध्ये शोधत बसलो. डॉर्सीला कळलं तर गाव गोळा करील.

पण त्या वर यायच्या डिसेंबरात. तोवर मला दिसेल की नाही, कोण सांगणार?

आणि आता आणखी एक विचारतो. हिवाळ्यात, गळ न घेता, बाबा तिथे काय करत होते? आणि तुला का नेलं? मी चौदा वर्षांचा होतो, होडी वल्हवू शकत होतो. त्या दिवशी मी खिडकीशी बसून तुम्हाला जाताना पाहिलं होतं, गळ घरातच टांगलेले होते. साठ वर्षांत बोललो नाही, आज लिहून टाकलं.

लोभ कमी करू नये.

हार्लन

•

डुलुथ
ता. १० जून २०१९

ती. दादास सा. न.

खिडकीचं मला ठाऊक नव्हतं. 

त्या दिवशी होडीत झाडं होती. नाताळ झाल्यावर लोकांनी दारात टाकलेली नाताळची झाडं. बाबांनी ती गावभर फिरून गोळा केली होती, काहींवर चमकी तशीच. एकेकाच्या बुंध्याला सिमेंटचा ठोकळा तारेने बांधून ते पाण्यात सोडत होते. मला वाटलं, नाताळाला पुरतायत. मी रडले. मग ते म्हणाले, अगं, माशांची घरं बांधतोय.

तुला का नाही आणलं, हे मी तेव्हाच विचारलं होतं. त्यांनी मला शपथ घातली होती, म्हणून आजवर गप्प होते. खुणा सांगितल्या तेव्हाच ती निम्मी मोडली. आता राहिलेलीही मोडते. ते म्हणाले होते, "सांगितलेली जागा एक उन्हाळा पुरते, पोरी. शोधलेली जन्मभर पुरते. हार्लनच्या हाताला पाणी कळतं. तो शोधील."

मी सात वर्षांची, पाण्यातलं मला काही कळत नाही, म्हणून मला नेलं. एवढंच होतं रे ते.

डिसेंबरात मी येते. मी होडीच्या पुढे बसेन, पायऱ्या दाखवीन, तू वल्हव. हट्ट करू नकोस.

तुझी,
नेल्डा

•

पाइनी फोर्क
ता. २९ सप्टेंबर २०१९

चि. नेल्डास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी डॉर्सीच्या बायकोकडून वाचून घेतलं, कारण आता छापील अक्षरही हलतं. बाबांच्या वाक्याशी ती थांबली, तेव्हा मीच तिला म्हटलं की पुन्हा वाच.

डिसेंबरपर्यंत थांबवेना. डोळ्यांनी होत नाही तर हाताने होतं का, हे पाहायची खाजही होतीच. कळस धूसर दिसत होता, मान वाकडी करून कोठाराच्या पायाशी जुळवला. मग दोरीला शिसं बांधून तळावर ओढत हळूहळू त्या रेघेवरून सरकत गेलो. गाळात शिसं रुततं, खडीवर खरखरतं, बुडख्यावर अडतं. नऊ सकाळी नुसता गाळ आणि खडी. दहाव्या दिवशी टक. सरकलं, खाली उतरलं, पुन्हा टक. मी डोळे मिटून घेतले. तसंही उघडे ठेवून काय उपयोग होता? शिसं पायऱ्या उतरत गेलं, घरातून कुणी ओढ्यावर पाण्याला निघावं तसं.

बाबांची झाडं केव्हाच कुजली असतील. तरी पायऱ्यांच्या बगलेत गळ सोडला, आणि दुसऱ्या फेकीला बासने दांडी वाकवली. चार पौंडांचा असेल. खालच्या ओठाला धरून वर घेतला, कडेच्या नजरेने नीट पाहिला, आणि सोडून दिला. मग काठाला लागेपर्यंत बाहीने डोळे पुसत वल्हवलं. रडू म्हण हवं तर.

तू शपथ मोडलीस असं मी धरत नाही. तू सांगितलंस ते निम्मं दुसऱ्याच ऋतूचं होतं.

डिसेंबरात ये मात्र नक्की. आयनारलाही आण, त्याला बास तळून खाऊ घालतो. शिशाने मी सात पायऱ्या मोजल्या. त्या वर आल्या की तू डोळ्यांनी मोज. आठ निघाल्या तर मला सांगू नकोस. मीच पुन्हा जाऊन हाताने मोजीन.

आहे ती माया पुढेही राहो.

तुझा,
हार्लन