स्वारी कोण?

कोरेगाव, जि. सातारा
१४ जानेवारी १९९७

चि. उदयसिंह यास वेणूआक्काचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे, पोचल्याचं कळव. तुझी मालिका बघायला आमच्या खोलीत एवढ्या बायका जमतात की तुझ्या दाजींना ओसरीवर बसावं लागतं. परवा तू सासूच्या पाया पडलास तर शेजारची बाळाबाई ढसाढसा रडली. असा जावई मिळायला नशीब लागतं म्हणाली. तिच्या पोरीचा फोटो ती एक दिवस तुझ्या गळ्यात मारणार, सांगून ठेवते.

आता मुद्द्याचं. दिवाळीच्या पत्रात तू लिहिलंस की स्वारीला ताप होता म्हणून पेज केली. खाली लिहिलंस, स्वारी रुसली आहे, दोन दिवस बोलत नाही. कोण रे ही स्वारी? आई-आबा गेल्यापासून तुझं सगळं मीच बघत आले. परस्पर कुणाला घरात आणून बसवली असशील तर निदान नाव-गाव तरी कळू दे.

आणखी एक. मुंबईहून सिताराम नावाचे एक गृहस्थ आले होते, मासिकातून आलोय म्हणाले. तुझे लहानपणीचे फोटो मागितले, तू घरी काय लिहितोस विचारलं. मी कौतुकाने दिवाळीचं पत्रच दाखवलं. ते छापायला घेऊन गेले. माणूस गोडबोल्या, पण चहा पिताना नजर खोलीभर फिरत होती. ते काही मला आवडलं नाही.

जेवणाची आबाळ करू नको. लोभ आहेच, उत्तराची घाई कर.

तुझी आक्का

*

वाशी, २० जानेवारी १९९७

ती. सौ. वेणूआक्कास सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं आणि आधी दार लावून घेतलं. एवढं बारीक अक्षर काढून पोस्टकार्ड कशाला लिहितेस? आमच्या सोसायटीच्या वॉचमनला वाचता येतं, आणि हल्ली तो जरा जास्तच वाचतो. यापुढे आंतर्देशीय लिही आणि नीट चिकटव.

सिताराम कुठल्याही मासिकाचा नाही. तो आमच्या निर्मात्यांच्या ऑफिसचा माणूस आहे. साहेबांना कुणाबद्दल काही काढायचं असलं की त्याला सोडतात. ते पत्र तू द्यायला नको होतंस, आक्का. पुन्हा आला तर परत माग, आणि माझ्याबद्दल एक अक्षर बोलू नको.

स्वारी म्हणजे मांजर गं, बिल्डिंगखालचं. उगाच टेन्शन घेऊ नको.

दाजींना नमस्कार. माया कमी करू नको.

तुझा उदा

*

कोरेगाव, २८ जानेवारी १९९७

चि. उदास आशीर्वाद. वि. वि. असं की आंतर्देशीय घेतलं आहे आणि खळ लावून चिकटवलं आहे.

मांजर पेज पितं म्हणे! त्याच पत्रात आहे की स्वारीने जवळ्याची चटणी केली, आक्का, तू असतीस तर बोटं चाटली असतीस. मांजर जवळा खाईल, चटणी कशी करील? पत्र गेलं तरी मला ते पाठ आहे. मला एवढी खुळी समजू नको.

मी आधी धरून चालले होते की कुणी बाई आहे. स्वारी आली, स्वारी रुसली, सगळं बाईसारखंच. पण परवा भाकऱ्या थापताना मीच दाजींबद्दल बाळाबाईला सांगत होते की आज स्वारी रागावली आहे, आणि हात थांबला. अरे, पुरुष बायकोला मंडळी म्हणतो, कुटुंब म्हणतो. स्वारी म्हणते ती बायको, नवऱ्याला. सोळा वर्षं झाली, त्यांचं नाव मी तोंडातून काढलेलं नाही. शब्द बाईचा, पण माणूस गडी.

तेव्हापासून मनात पाल चुकचुकते आहे. मला जे वाटतं ते कागदावर लिहायचा धीर होत नाही. तूच लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल.

लोभ असावा, आणि खऱ्याचाही असावा.

आक्का

*

वाशी, ९ फेब्रुवारी १९९७

ती. आक्कास उदाचा नमस्कार.

तुला कळलंच आहे तर आता मांजर कशाला. स्वारी म्हणजे गोवर्धन, आमच्या मालिकेचा मेकअपमन. नेरूळच्या सारसोळे गावचा, त्याची आई शांतीबाई मासळी विकते. चार वर्षं आम्ही एका घरात राहतो, जगाला रूममेट म्हणून सांगतो. मला त्याच्याशिवाय राहायचं नाही, आक्का. याहून सरळ मला लिहिता येत नाही. पत्रातून त्याला वगळवत नव्हतं आणि ‘तो’ लिहायची भीती वाटायची, म्हणून तुझाच शब्द उचलला. स्वारी आली म्हटलं की कुणी काही विचारत नाही, असं वाटलं होतं.

विचारलं मात्र. साहेबांनी ऑफिसात बोलावलं, टेबलावर ते पत्र. आधी त्यांना वाटलं की मी गुपचूप लग्न केलंय, म्हणून वॉचमनकडे चौकशी केली. तो म्हणाला की वर बाईमाणूस कधी आलेलंच नाही. मग साहेब हसले. म्हणाले, त्यांना स्वतःला काही प्रॉब्लेम नाही, पण घराघरातल्या आया मला जावई म्हणून बघतात, त्यांना हे चालणार नाही. म्हणून शंभराव्या भागाच्या पार्टीत मी मोनालीशी, म्हणजे मालिकेतल्या माझ्या बायकोशी, साखरपुडा करायचा. गोवर्धनने महिनाअखेर घर आणि काम दोन्ही सोडायचं. नाहीतर कथेत माझा घाटात अपघात, बाहेर पेपरात हे पत्र, आणि अशा संबंधांवर पोलिसांचा कायदा आहेच, हेही हसत हसत ऐकवलं.

मोनालीला सगळं ठाऊक आहे. ती इतक्या पटकन हो म्हणाली की मला तिचाच संशय येतो. लिफ्टमध्ये कुणी हसलं तरी संशय येतो. काल गोवर्धन गप्प होता तर त्याच्यावरही आला, की यानेच कुठे बोलून ठेवलं नाही ना. नंतर मला माझीच शरम वाटली.

मुलीची ओटी भरायला थोरली बहीण हवी, त्याशिवाय फोटो खरा वाटणार नाही म्हणतात. सव्वीसला तुला घ्यायला गाडी येईल. मी हो म्हणून बसलोय. तू ये. गोवर्धन बॅग भरतोय आणि माझ्याकडे बघत नाही.

रागावलीस तरी तोडू नको.

उदा

*

कोरेगाव, १७ फेब्रुवारी १९९७

चि. उदास आशीर्वाद आहेच, रागही आहे.

दोन दिवस मी जेवले नाही. दाजींना पोट दुखतंय म्हणून सांगितलं. मला सगळं उमगलं असं समजू नको. मला भीती वाटते, आणि आईला काय वाटलं असतं हे सारखं मनात येतं. पण चार वर्षं त्या पोराने तुला रांधून घातलं, हेही मी तुझ्याच पत्रांतून वाचलं आहे. त्याला बॅग भरायला लावलीस? आणि वर त्याच्यावर संशय घेतोस? पत्र तर माझ्या हातून गेलं रे.

सिताराम शालू घेऊन आला होता. मी परत केला. त्याला सांगितलं की खोटी ओटी माझ्या हाताने भरली जाणार नाही, तांदूळ-नारळ पोरीच्या पदरात पडतात ते नाटक म्हणून नव्हे. तो म्हणाला की ताई, तुम्ही नाही आलात तरी काही अडणार नाही. त्याच्या बोलण्यात काहीतरी काळंबेरं होतं, काय ते मला कळलं नाही.

थांबव हे. काम गेलं तर जाऊ दे, कोरेगावला या, दोघंही. लोकांचं काय ते मी बघून घेईन. तोंडाची मी कच्ची नाही, तुला ठाऊक आहे.

वाट बघते.

आक्का

*

कोरेगाव, २२ मार्च १९९७

चि. गोवर्धन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू मला पाहिलेलं नाहीस. मी उदयसिंहाची थोरली बहीण. तुझा पुरता पत्ता नाही, म्हणून नेरूळ, सारसोळे गाव, मासळीवाल्या शांतीबाईंचं घर, एवढंच लिहिलं आहे. गावात सापडेल अशी आशा आहे.

काल बाळाबाईने मासिक आणलं. उदा आणि मोनाली पाटावर बसलेत आणि एक बाई मोनालीची ओटी भरते आहे. खाली छापलंय, उदयसिंह यांच्या भगिनी वेणूबाई. मी तिला ओळखलं, त्याच मालिकेतल्या लग्नात ती एकदाच मावशी म्हणून मागे उभी होती, इतरांच्या ध्यानात नाही. सितारामच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा लागला. नाव माझं, तोंड तिचं.

गल्लीतल्या बायकांनी विचारलं की वेणूबाई, ह्या तुम्ही तर दिसत नाही. मी म्हटलं, मुंबईवाल्यांनी रंग फासला, म्हणून वेगळी दिसते. हसून म्हटलं, आणि घरात येऊन रडले. एक दिवस खोटं बोलले तर जीव एवढा कोंडला, तुम्ही दोघं चार वर्षं कसे राहिलात?

उदाचं मला पत्र नाही. लाज वाटत असेल. तुला येत असेल तर मला सांगू नको, ते तुमच्यापाशी राहू दे. मी त्याच्यावर चिडले आहे, तरी टीव्हीवर तो किती वाळला ते रोज बघते. तुझी चटणी सुटली ना आता.

तुझं काम गेलं ते माझ्या हातून. मीच ते पत्र चहाबरोबर पुढे केलं. माफी कशी मागायची ते मला येत नाही. पण तुझी समजूत असेल की आमच्या घराने तुला बाहेर काढलं, तर तेवढं मनातून काढ. उदाच्या शेजारी उभी आहे ती त्याची बहीण नव्हे. बहीण इथे कोरेगावात बसून तुला पत्र लिहिते आहे.

आईला घेऊन ये कधीतरी. लोभ ठेव, पहिल्यांदाच मागते आहे.

तुझी आक्का,
वेणू