खात्री केली आहे

मामा,

परवापासून बाजारात पुन्हा तेच बोलणं सुरू झालं आहे. कुठल्याशा देशात आजाराची नवी जात सापडली, तिथली माणसं पुन्हा दवाखान्यात भरती होऊ लागली, आणि इकडं कुणीतरी मोबाइलवर लिहून टाकलं की येत्या सोमवारपासून देशभर परत लॉकडाऊन. आपल्या दुकानासमोरचा चहावाला, ज्याला तुम्ही 'पावणं' म्हणायचा, तो काल सकाळी ग्लास टेकवता टेकवता मला विचारतो, "अण्णा, लॉकडाऊन बरुत्तंते, निजाना?" म्हणजे येतोय म्हणतात, खरं का? मी म्हटलं, मला माहीत नाही. तो हसला आणि त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, तुम्हालाच माहीत नाही तर मग कुणाला असणार. मी आता पेठ सोडून बनशंकरी भागात खोली घेऊन राहतो. खालच्या किराणा दुकानात तेल-तांदळाला रांग लागली आहे. घरमालकीण अक्का दहा किलो रवा घेऊन जिना चढत होत्या. मी पिशवीला हात लावला तर म्हणाल्या, "असू दे रे, स्वल्प जास्तच घेतलाय. मागच्या वेळी उप्पिट्टाला रवा मिळाला नव्हता, तो राग आहे माझा." आणि सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेल्या आपल्या गावच्या गलाईवाल्यांचा जो ग्रुप आहे, त्यावर कालपासून एकच चाललं आहे. मास्तर, खरं काय ते तुम्ही लिहा. मास्तर, गाडी ठरवायची का? तुम्ही गेल्यापासून मी त्या ग्रुपवर एक ओळ लिहिलेली नाही, तरी त्यांना अजून मीच आठवतो. मी काय लिहावं हे तुम्हाला विचारायचं आहे, आणि त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मास्तर हे नाव तुम्हीच पाडलंत. नववीत शाळा सोडलेल्या पोराला मास्तर म्हणायचं आणि वर सगळ्या पेठेला ते म्हणायला लावायचं, ही तुमची थट्टा. पण ऱ्हस्वदीर्घ चुकलं की माझ्या जिवाला चैन पडत नाही हे तुम्ही पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. एका रविवारी अॅव्हेन्यू रोडच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तुम्ही एक मराठी शब्दकोश शोधून आणलात. त्याची सुरुवातीची पानं नव्हती. मी तसं म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "सुरुवात गेली म्हणून काय झालं, पुढचं सगळं हाय की." तुम्हाला सही सोडून फारसं लिहिता येत नव्हतं. तो ढीग उपसताना तुम्ही मराठी पुस्तक कसं ओळखलंत हे मी विचारायचं राहून गेलं.

रागावलात मात्र एकदाच. मल्लेश्वरमचा एक सोनार मोडीच्या बांगड्या वितळवायला घेऊन आला होता. तुम्ही मागं भट्टीपाशी होतात. त्यानं सहज विचारलं, कसं आहे सोनं? मी बांगडी हातात घेऊन फिरवली आणि म्हटलं, चांगलं दिसतंय, बावीसचं असेल. तो गेल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत. आवाज चढवला नाहीत, त्यानंच मला जास्त भीती वाटली. "तुझ्या डोळ्यांत भट्टी हाय का?" मी हातातली बांगडी खाली ठेवली. "मुशीत टाकून वितळल्याबिगर आपण बोलायचं न्हाय. तू म्हणालास म्हणून त्यानं फुडं कुणाला शब्द दिला, तर त्यो शब्द कुणाचा?" मग स्वतःच म्हणालात, "तुझा." त्या दिवसापासून दुकानात कुणी काही विचारलं तर मी म्हणायचो, अर्ध्या तासानं सांगतो. गिऱ्हाइकं हसायची, पण थांबायची.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये ते माझ्या कामी आलं. दुकानावरच्या एका खोलीत आपण दोघं दोन महिने अडकलो होतो. बाहेर पोलिसांची शिट्टी आणि कावळे, बाकी पेठेत आवाज नाही. मी भाज्या साबणाच्या पाण्यात धूत बसलेलो असायचो आणि तुम्ही दारात बसून म्हणायचा, "मेथीला साबण लावतोयस व्हय लेका? लगीन हाय का तिचं?" ज्वारीचं पीठ संपलं, मग नाचणीच्या भाकऱ्या सुरू झाल्या. तुमच्या हातून त्या कडेला फाटायच्या, आणि प्रत्येक फाटलेली भाकरी तुम्ही माझ्या ताटात वाढून चांगली स्वतःला घ्यायचा, वर म्हणायचा, "थोरल्याचा मान." त्या खोलीत मला श्वास लागायचा. आजारानं नाही, बंद दारानं. चालत गावाकडं निघालेल्या लोकांचे फोटो बघून मी एकदा पिशवी भरली होती. तुम्ही उंबऱ्यावर आडवे पडलात आणि दुपारभर तिथंच झोपलात. मला तुम्हाला ओलांडता येईना.

त्याच दिवसांत मी ग्रुपवर लिहायला लागलो. आपली माणसं चारी दिशांच्या पेठांमध्ये अडकलेली, कुणी इथं, कुणी कोइमतूरला, कुणी हैदराबादला, आणि दिवसाला दहा अफवा. पास मिळतात, गाडी सुटणार, पेट्या उघडून सोनं जप्त करतात. तुम्ही म्हणालात, तू चौकशी कर आणि एकच लिही, म्हंजे बाकीच्यांच्या जिवाला घोर न्हाय. मग मी चौकीत फोन करायचो, सरकारी नंबर तासभर लावायचो, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारायचो, आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर आलं तरच लिहायचो. शेवटी एक ओळ असायची. खात्री केली आहे. हळूहळू असं झालं की ती ओळ असली तर लोक वरचं वाचायचेही नाहीत.

आता ती गोष्ट. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आजार पुन्हा उसळला. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरची बातमी. तशात हिंदीतून एक मेसेज आला, परवापासून देशभर लॉकडाऊन, या वेळी गेल्या खेपेपेक्षा कडक. मी नेहमीसारखा चौकशीला लागलो. चौकीत कुणी फोन उचलला नाही. सरकारी नंबर लागला नाही. औषधवाला वैतागून म्हणाला, "कुणी सांगितलं तुला? काही ठरलेलं नाही. जा, काम कर." म्हणजे तिनातलं एकच उत्तर आलं, आणि तेही उलट. मी खोलीत आलो. तुम्ही खाली भट्टी पेटवत होता, फुंकणीचा आवाज वरपर्यंत येत होता. मी खोलीचं दार बघितलं, आणि पुन्हा दोन महिने हेच दार बघायचं या विचारानं मी उठून ते सताड उघडलं. तुम्ही गावाला निघणार नव्हता हे मला माहीत होतं. दुकानात चार सोनारांचा माल होता, तो टाकून तुम्ही कधी गेला नसता. मला एकट्याला तुम्ही सोडलं नसतं. तुम्ही हलायचा तो एकाच गोष्टीनं. मी मोबाइल उचलला आणि मराठीत, नीट परिच्छेद पाडून, सगळं लिहिलं. ज्यांना गावी जायचं आहे त्यांनी उद्याच निघावं. आणि खाली ती ओळ लिहिली.

तुम्ही वर आलात तेव्हा तुमच्या हातात मोबाइल होता. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. तुम्ही विचारलंत, "इचारलंस का सगळीकडं?" मी मान हलवली. "मग चला," म्हणालात. तेवढंच. संध्याकाळपर्यंत तुम्ही चारही सोनारांच्या घरी जाऊन माल पोचवलात. पहाटे पाचला आपल्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती, तिच्यात मावतात त्याहून सात-आठ जास्त माणसं, सगळी आपल्याच बाजूची, सगळी माझ्या मेसेजवर निघालेली. एसी लावला म्हणून काचा बंद होत्या. मागच्या सीटवरचा एक जण तुमकूरपासून खोकत होता. "मसाला लागला," म्हणाला, आणि आपण हसलो. मला अजून तो प्रवास आठवतो, आणि सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं. शहर मागं पडत होतं. हुबळीच्या पुढं तुम्ही मला म्हणालात, "आता तरी तुझं तोंड माणसासारखं दिसतंय."

देशभर लॉकडाऊन झालंच नाही. राज्यापुरता बंद आला, पण आठ-दहा दिवसांनी. तोवर तुम्हाला ताप येऊन गेला होता, उतरून परत आला होता, आणि तालुक्याच्या दवाखान्यात खाट मिळायला एक पूर्ण दिवस गेला होता. मलाही ताप आला. दोन दिवसांत गेला. तुमचा गेला नाही. दवाखान्याच्या फाटकाशी मी डबा घेऊन उभा राहायचो. आतला वॉर्डबॉय डबा न्यायचा आणि बऱ्याचदा तसाच भरलेला परत आणून द्यायचा. एकदा त्यानं तुमचा निरोप आणला. मास्तरला सांगा, ग्रुपवर लिही म्हणावं मी बरा हाय, लोकं घाबरतील. मी लिहिलं नाही. खात्री नव्हती. चार दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी दुसरंच लिहिलं.

राज्याचा बंद आला तेव्हा लोक म्हणाले, बघा, मास्तरचं खरं ठरलं. मला ते खोडून काढता आलं असतं. तेराव्यालाही घरात मोजकी माणसं होती. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "तू लिवलंस म्हणून ते आले. न्हायतर तिकडंच परक्या गावात गेले असते, आमाला त्वांडबी दिसलं नसतं. दोन दिस का हुईना, माझ्या हातचं जेवले." आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी काहीतरी बोलेन म्हणून ओठ उघडले. त्यांच्या पाठीमागून कुणीतरी चहा आणला. मी चहा घेतला. तेव्हापासून दर दिवाळीला त्या माझ्यासाठी वेगळा डबा भरतात, आणि मी तो घेतो. इथं राहिला असता तर वाचला असता, असंही मी म्हणू शकत नाही. इथंही माणसं गेली, आपल्याच गल्लीतली तिघं गेली. पण आपलं काय व्हायचं ते तुम्ही ठरवायला हवं होतं, आणि ते मी तुमच्याकडून काढून घेतलं. तुम्ही भट्टीतनं निघालेलं समजून ज्यावर भरवसा ठेवलात, ते मी भट्टीत घातलंच नव्हतं.

इथवर लिहून झालं आणि मामींचा फोन आला. तुमचा मुलगा आता दुकान बघतो, तो इथंच आहे. त्याची बायको सातव्या महिन्यात, तीही इथंच. मामी म्हणाल्या, "तू सांग, त्यास्नी गावाकडं बोलवू का? तू म्हणशील ते." मी म्हटलं, अर्ध्या तासानं सांगतो. मग जुन्या सवयीनं फोन लावत बसलो. चौकीतला हवालदार म्हणाला, आम्हाला टीव्हीवरनंच कळतं. सरकारी नंबरावर कुणा नव्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, अशी कुठलीही सूचना नाही. औषधवाला, तोच, आता केस पांढरे झालेला, म्हणाला, "पुन्हा तू?" आणि मला बसायला स्टूल दिलं.

मग मी ग्रुपवर लिहिलं. चौकशी केली, तीन ठिकाणी. असा काही हुकूम निघालेला नाही. पुढं निघेल की नाही ते कुणालाच ठाऊक नाही, मलाही नाही. कुणी घाईनं गाडी करू नका. गरोदर आणि म्हाताऱ्या माणसांना गर्दीच्या गाडीत तर अजिबात बसवू नका. एवढंच. खालची ओळ मी लिहिली नाही. थोड्या वेळानं कोइमतूरच्या एका काकांनी लिहिलं, "मास्तर असून म्हाईत न्हाय म्हंजे काय?" दुसऱ्यानं लिहिलं, "मास्तर नापास झालं वाटतं," आणि पुढं हसणारी तोंडं. तिसऱ्यानं, मग बसतो गप. मामींना मी फोनवर सांगितलं की सूनबाईला इथंच राहू द्या, मी रोज जाऊन येईन. त्या म्हणाल्या, "बरं." त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर आज मी बोललो असतो, असं मला वाटतं. पण त्या विचारणार नाहीत हे मला फोन लावतानाच माहीत होतं.

हे पत्र मामींना पाठवावं असं लिहिताना दोनदा वाटलं. पाकीट आणलेलं नाही, आणणारही नाही बहुतेक. पण तुमच्यापुढं तरी काही झाकायला नको. परवा तो मेसेज पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला भीती वाटायच्या आधी एक क्षण गेला. त्या क्षणात मला वाटलं, होऊ दे. या वेळी खरंच होऊ दे लॉकडाऊन, सगळा देश बंद पडू दे, म्हणजे माझं ते खोटं कधी उघडं पडलंच, तर लोक म्हणतील की अशा काळात कुणीही घाबरलं असतं. सातव्या महिन्यातली सूनबाई इथं आहे, रव्याची पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या अक्का आहेत, हे मला ठाऊक होतं, मामा, तरी मला तसं वाटलं.