सदर मांजरीच्या अंगावर यंत्र चालवू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, अविवाहित, एका मालवाहतूक कंपनीचा हिशेब अधिकारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही आग्रहाविना आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. तो डोक्यापर्यंत पोहोचलेला नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. तिसऱ्या मजल्यावरील राहते घर माझ्या धाकट्या भावाला मिळावे. त्याचे केशकर्तनालय आहे. स्वयंपाकघरातला नळ उलट्या दिशेने बंद होतो. भावाने तो दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये.

२. बँकेतील ठेवी भावजयीला. गेली चार वर्षे आम्हा भावांचे सर्व बोलणे तिच्यामार्फत झाले आहे. आईच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा. “दादा, एकाच गल्लीत राहता तुम्ही दोघं, आणि मी आपली टपाल वाहतेय,” असे ती म्हणाली होती. हा तिचा मेहनताना समजावा.

३. आईच्या पश्चात माझ्याकडे असलेली मांजर. कायद्याच्या दृष्टीने ही जंगम मालमत्ता आहे, जरी ती फारशी हलत नाही. ओळखीत घोटाळा होऊ नये म्हणून वर्णन देतो. जात पर्शियन, रंग धुरकट करडा. डोके गोल, कान लहान आणि एकमेकांपासून दूर, नाक चपटे, पाय आखूड व जाड, शेपूट झुपकेदार, मानेभोवती केसांची झालर. केस दोन थरांचे: वर लांब, आत लोकरीसारखे दाट.

विकणाऱ्याने आईला सांगितले होते की हिचे पूर्वज इराणच्या राजवाड्यांत लोळत असत. मी वाचून पाहिले. लांब केसांची मांजरे काही शतकांपूर्वी तिकडून युरोपात नेली गेली असे सांगतात. परंतु आजच्या पर्शियन मांजरांची आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा ती युरोपातल्या मांजरांनाच अधिक जवळची निघाली. हे आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “तिच्यासमोर नको बोलूस. उगाच मनाला लावून घेईल.”

स्वभाव शांत. पडद्यांवर चढत नाही. आवाज इतका बारीक, की तक्रार आहे की नुसती चौकशी, हे कळत नाही. परका माणूस आला की कपाटामागे जाते. चपट्या तोंडामुळे चेहऱ्यावर कायम नापसंती असते, म्हणून भावाने तिचे नाव ‘ऑडिटर’ ठेवले. नाव योग्य आहे.

४. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, मी परगावी असताना, भावाने दुकानातले केस कापायचे यंत्र आणून तिची पाठ व पोट साफ केले. मानेभोवतीचे केस आणि शेपटीचा गोंडा तेवढा ठेवला.

“दादा, बघ, सिंह केलाय सिंह! किती हलकं वाटतंय तिला.”

“तिने सांगितलं तुला?”

“अरे, केसच आहेत. परत येतील.”

आई तोंडाला पदर लावून हसत होती. केस परत आले, पण पाठीवर विरळ. तो दाट थर थंडीप्रमाणे उन्हापासूनही राखण करतो. यंत्र चालवणे चूक होते हे माझे मत आजही कायम आहे, आणि माझ्या पश्चातही कायम समजावे. मात्र नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो: त्याच संध्याकाळी सदर सिंह भावाच्याच मांडीवर झोपला होता.

५. या जातीला रोज विंचरावे लागते. मला ते आता जमत नाही. तिच्या पुढच्या पायांच्या काखेत जटा झाल्या आहेत, कातडी ओढली जाते आणि ती पाऊल आखडून टाकते. भूल देऊन त्या काढता येतील. पण चपट्या नाकाच्या मांजरांना भूल जोखमीची असते, आणि हिचे वयही झाले आहे. मी कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. स्थिर हात हवा, आणि तिला ज्याची भीती वाटत नाही असा माणूस हवा. माझ्या माहितीत या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे आहेत.

सबब सदर मांजर, दोन्ही कंगवे आणि बोथट टोकाची कात्री मी भावाला देत आहे.

वकील म्हणाले, “साहेब, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं.”

“हे कलम उद्यापासून लागू करा.”

“तसं करता येत नाही. भावाला फोन करता येतो.”

“फोनवर काय बोलायचं, त्याचा मसुदा नाही माझ्याकडे.”

म्हणून या कलमाची प्रत आजच भावजयीच्या हाती दिली आहे. हे तिने वाहिलेले शेवटचे टपाल ठरावे. सोमवारी भावाचे दुकान बंद असते, हे मला ठाऊक आहे. दार नुसते लोटलेले असेल.

साक्षीदार : (१) वकील (२) तळमजल्यावरील घड्याळदुरुस्तीवाले. दोघांनी मला सही करताना पाहिले आहे. भाऊ लाभार्थी असल्याने त्याला साक्षीदार केलेले नाही.

ठिकाण : पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : १२ ऑक्टोबर, रविवार

सही वेडीवाकडी आली आहे, पण ती माझीच आहे. कोणी शंका घेतल्यास दाखला दाखवावा. भावाला नुसती सही दाखवावी.