गुंजनला खरं सांग

दिग्रस,
६ नोव्हेंबर २०२४

चि. स्वानंद यास अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र काहून, असं वाटेल तुले. आमच्या घरात फोनवर बोललेलं आधी गुंजनच्या कानात जातं, म्हणून.

इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. ते आमच्याकडेच असतात, पण अजूनही पाहुणा असल्यासारखे पाणीसुद्धा विचारून घेतात. शाळा उघडली, त्यामुळे वर्गातलं माझं रोजचं बोंबलणं सुरू झालं.

आता मुद्द्याचं. तुझी भाची फुटबॉलपायी वेडी झाली. नववीत आहे, पण चित्त सगळं कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानावर. पुण्याच्या एका अकादमीची निवड चाचणी पुढच्या महिन्यात नागपूरला आहे. निवडली गेली तर तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. मी नाही म्हटलं. तर म्हणते, मामा गेलता तेव्हा कोणी अडवलं होतं काय?

तुझं काय झालं ते मी पाहिलं आहे. गुडघ्याच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर तू जिना आडव्या पावलांनी उतरत होतास, तेव्हा मी मागे उभी होते. खेळ सुटून वर्ष झालं, क्लबच्या ऑफिसात बसतोस, पण मैदानाकडे बघत नाहीस, असं तूच सांगितलंस. म्हणून तूच तिला लिही. गोडगोड नको, खरं सांग. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

दिवाळीला आला नाहीस. तुझ्या वाटचा चिवडा मुंग्यांनी खाल्ला. त्यांचा तरी लोभ आहे आमच्यावर, तुझाही असू दे.

तुझी,
ताई


मडगाव,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. गुंजन हिस मामाचे आशीर्वाद.

तुझ्या आईने मला तुला घाबरवायचं काम दिलं आहे. हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाच, म्हणजे मी काम केलं हे तिलाही कळेल.

मी मधल्या फळीत खेळलो. या जागेवरच्या माणसाचं नाव पेपरात क्वचित येतं. कोलकात्यात पहिल्या वर्षी मी बहुतेक वेळ बाकावर होतो. भाषा कळत नव्हती, मासे घशाखाली उतरत नव्हते. मेसमध्ये सगळे हसायचे तेव्हा आपल्यालाच हसून राह्यले असं वाटायचं. पुढे गोव्यात आलो, संघात पक्का झालो. एकदा भारताच्या शिबिरातही बोलावणं आलं. शेवटच्या दिवशी फळ्यावर नावं लागली, त्यात माझं नव्हतं. बॅग भरताना खोलीतला दुसरा मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता, कारण त्याचं होतं.

मग शिलाँगच्या सामन्यात गुडघा गेला. चेंडू निघून गेला होता, समोरच्याचा पाय उशिरा आला. त्याचा दोष नव्हता. दोन ऑपरेशनं झाली, तरी आणखी दोन मोसम खेळलो. पण पूर्वी जिथे मी आधी पोचायचो तिथे आता दुसरे पोचायचे.

हे झालं आईसाठी. आता उरलेलंही खरंच सांगतो, कारण अर्धं खरं सांगणं मला जमत नाही.

कोलकात्यात एका संध्याकाळी मैदानात नुसता चिखल होता. मी तिघांच्या मधून एक पास दिला. आमच्या पुढच्या खेळाडूने गोल केला आणि सगळे त्याच्या अंगावर पडले. मी एकटाच मधे उभा होतो, आणि गुंजन, इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नाही. खेळत होतो तोवर मी दुःखी नव्हतो. दुःख खेळ थांबल्यावर आलं. सकाळी उठावं आणि आपली कोणी वाटच पाहत नसावं, हे फार वाईट असतं.

आता जा किंवा जाऊ नको, हे मी सांगणार नाही. आजोबांना नमस्कार. मामावरची माया पातळ करू नकोस.

तुझा,
स्वानंदमामा


दिग्रस,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. मामास साष्टांग नमस्कार.

पत्र मोठ्याने वाचलं. आई पहिल्या अर्ध्यात मान हलवत होती, दुसऱ्या अर्ध्यात स्वयंपाकघरात निघून गेली. मग बाहेर येऊन म्हणाली, जाऊन ये चाचणीले, पण मी सोबत येईन.

मामा, तू मैदानाकडे बघत नाहीस असं आई म्हणते. मले ते तुझ्या गुडघ्यापेक्षा वाईट वाटलं.

राग नको मानू, आठवण ठेवजो.

तुझी,
गुंजन


दिग्रस,
१७ डिसेंबर २०२४

चि. स्वानंद यास अनेक आशीर्वाद.

गुंजनची निवड झाली नाही.

मी सगळी चाचणी बसून पाहिली. तुझे सामने टीव्हीवर असायचे तेव्हा मी कोणी तुला पाडेल या भीतीने उठून जायची, म्हणून हा खेळ मी असा पहिल्यांदाच पाहिला. आपली पोरगी सगळ्यांत लहान दिसत होती. पण जिकडे चेंडू जाई तिकडे ती आधीच उभी असायची. माझ्या शेजारच्या बाई, कोणाच्या कोण, त्यांनीही विचारलं की ही कोणाची मुलगी. मी इतक्या जोरात माझी म्हटलं की पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं.

शेवटी नावं वाचली. हिचं नाही. मी सरळ त्या प्रशिक्षकाकडे गेले. त्याने शांतपणे सांगितलं की जाण चांगली आहे, पण अंगात ताकद कमी पडते, पुढच्या वर्षी आणा. मी म्हटलं, ताकद काय, ती भाकरीनेही येते, जाण कुठून आणाल? गुंजन माझा पदर ओढत होती. स्वानंद, तिला जाऊ देऊ नये म्हणून तुझ्या मागे लागलेली मी, तिला घेतली नाही म्हणून भर मैदानात भांडून आले.

ती तिथे रडली नाही. यवतमाळच्या स्टँडवर बस बदलताना रडली. दारव्ह्यापर्यंत माझा खांदा ओला होता. घरी आल्यावर बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्याले घरी बोलाव, पोट्टीले शिकवायले. वर म्हणाले, त्याले हेही सांगजो की त्याचे सामने मी शेजारच्या दुकानात उभं राहून पाहत होतो. घरी पाहिले असते तर तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं.

हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं रे.

ये. एक वर्ष आहे तिच्या हाताशी. येणार नसशील तर तसं कळव, माया कमी होणार नाही, फक्त भांडण होईल.

तुझी,
ताई


मडगाव,
२४ डिसेंबर २०२४

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र ऑफिसात उघडलं. बाबांच्या ओळी आल्या तेव्हा बाहेर जाऊन उभा राहिलो. तिथून मैदान दिसतं. आमची पोरं सराव करत होती. वर्षभरात पहिल्यांदा मी तिकडे पाहिलं, आणि सराव संपेपर्यंत पाहतच राहिलो.

क्लबला महिनाअखेरीस सोडतो म्हणून सांगितलं आहे. जानेवारीत येतो. गुंजनला सांग, मामाला धावता येणार नाही, पण मधे उभं राहून ओरडता येतं. बाबांना काही सांगू नकोस, त्यांच्याशी मीच बोलेन.

एक गंमत सांगतो. सामन्याच्या आधी पोटात एक गोळा यायचा. गुडघ्याबरोबर तोही गेला असं धरून चाललो होतो. ताई, आज सकाळपासून तो आहे.

तुझा,
स्वानंद