उणे आठ टन धान

१४ नोव्हेंबर २०११, सोमवार, सकाळ
कुडव्याचं ऑफिस. कोहमाऱ्याच्या धर्मकाट्याचं, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्याचं, सॉफ्टवेअर माझ्याकडे. काटा नीट चालला तर टीम लीड मीच, असं रत्नपाल सर म्हणाले. आजपासून रागावर पूर्ण ताबा.

दुपार
ऑटोमेटेड टेस्ट चालवल्या. अर्ध्या फेल. कीबोर्ड भिंतीवर आपटला. एंटरचं बटण सापडत नाही. हलका माल.

१५ नोव्हेंबर
जालीम उपाय सापडला! प्रोग्रामचं उत्तर ज्यांच्याशी ताडतात ते एक्स्पेक्टेड रिझल्टचे आकडे उगाच डोकं खाजवून लिहायचे कशाला? प्रोग्रामचंच उत्तर उचलून तिथे चिकटवलं. सगळ्या टेस्ट पास, सगळं हिरवंगार. पुण्यात कुणाला सुचलं नसतं.

१६ नोव्हेंबर
ज्युनिअर दीप्ती आडवी आली. म्हणे, भरलेला ट्रक आधी आला अन् रिकामा मंग, तर प्रोग्राम उणे आठ टन दाखवते. तुम्ही तेच बरोबर म्हणून काऊन लिहून राहिले? धान उणे कसं असन? आकडा आधी हातानं काढा म्हणे.
कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, असं सुनावलं आणि स्टेपलर फेकला. तिला नाही, वर. पंख्यानं तो माझ्या कपाळावर परत केला. दोन टाके. वाद मात्र मीच जिंकलो.

१९ नोव्हेंबर, कोहमारा
उद्घाटन. मुन्नालाल सेठ, काट्याचा मालक आणि धानाचा व्यापारी, त्यानं नारळ फोडला. पहिला ट्रक बिसराम ड्रायव्हरचा. भरलेला मोजला, गोदामात धान उतरवलं, रिकामा मोजला. पावती: उणे ८,४०० किलो. टेस्टमध्ये होती तश्शीच! ऊर भरून आला.
सेठ म्हणे, माल तो आया ही नहीं, उलट तूच आठ टन आणून दे. बिसरामनं त्याची कॉलर धरली. सेठच्या माणसांनी बिसरामला लोळवलं. शेजारच्या ढाब्यावरचे ड्रायव्हर ताटं टाकून धावले. खुर्च्या, विटा, मॉनिटर, सगळं हवेत.
मी मध्ये पडून सांगितलं की पावती अगदी अपेक्षेप्रमाणे आहे. क्षणात दोन्ही बाजूंची एकी झाली. माझ्यावर.

२० नोव्हेंबर, दवाखाना
डाव्या हातानं लिहितोय. उजवा दोन ठिकाणी मोडला. जॅकचा दांडा. लोक अजून टेक्नॉलॉजीला तयार नाहीत. लीड झालो की ट्रेनिंग ठेवीन.

२२ नोव्हेंबर
सर येऊन गेले. लीड दीप्ती. तिनं प्रोग्राम दुरुस्त केला, काटा सुरू आहे. चिडून पेला फेकायला गेलो, हात उचललाच गेला नाही.
तिनं मला काम पाठवलंय: चाळीस ट्रकांचे आकडे हातानं काढून एक्स्पेक्टेडमध्ये लिहा. पहिल्याच ट्रकचं माझं उत्तर मशीनशी जुळेना. तीनदा वजाबाकी केली, तेव्हा हातचा विसरलेला दिसला.
मशीन बरोबर आहे.